अब्बांच्या गाडीची डिक्की

कर्ज फेडल्याशिवाय तरका वाटता येत नाही, ही गोष्ट आपल्या घरांत लहान मुलांच्याही कानावर पडलेली असते. आधी कफन-दफनाचा खर्च, मग मरहूमचे कर्ज, मग वसीयत केली असेल तर एक तृतीयांशाच्या आत ती, आणि उरेल ते वारसांचे. कागदावर हा क्रम सोपा दिसतो. पण कर्ज किती आणि कोणाचे, हे ज्या वहीत लिहिले आहे ती वहीच हाती लागत नसेल तर काय करायचे? यंदा बकरी ईदनंतर आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर दारात उभ्या असलेल्या जुन्या इस्टीम गाडीच्या डिक्कीत बंद होते.

माझे अब्बा आठवडा बाजार करणारे व्यापारी. चाळीस वर्षे त्यांनी तोच धंदा केला. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी, इचलकरंजीचे कापड, लुंग्या, परकर, लहान मुलींचे फ्रॉक. मिरजेहून निघायचे आणि कधी तासगाव, कधी कवठेमहांकाळ, कधी जत असे बाजार करत फिरायचे. आधी एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकून जात, मग काही वर्षे भाड्याच्या टेम्पोत भागीदारी, आणि शेवटी ही इस्टीम. तिसऱ्या हाताची होती, पण डिक्की मोठी म्हणून घेतली. गाडीचा रंग, सीट, टेप यांत त्यांना काही रस नव्हता. डिक्कीत किती गठ्ठे बसतात ते त्यांनी घेण्याआधी मोजून पाहिले होते.

त्याच डिक्कीत एक पत्र्याची पेटी असायची. तिला अलिगढी कुलूप. पेटीत गल्ल्याची चिल्लर, मीटरपट्टी, सुई-दोरा आणि हिशोबाची लाल वही. ती वही अब्बा घरात आणत नसत. घरात हिशोब आला की घराची झोप जाते, असे म्हणायचे.

शेवटचा बाजार करून आले त्या रात्रीच त्यांच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात दोन दिवस होते. माल डिक्कीत तसाच राहिला. जनाजा, जियारत, येणारी-जाणारी माणसे यात गाडीकडे कोणी पाहिले नाही. वर पावसाळा सुरू झाला. महिन्याभराने मोठ्या भावाने डिक्की उघडायला चावी लावली तर ती अर्धी आत गेली आणि तिथेच बसली.

अम्मा इद्दतमध्ये होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचे नाही, म्हणून खिडकीशी बसून ती सारे पाहत होती. भावाने पकड आणली, चावी पकडीत धरली आणि पिळायला लागला तेव्हा आतून आवाज आला, "आस्ते कर रे, जोर नक्को लगा." आमच्या घरात दखनी बोलतात. त्या 'नक्को'मध्ये जो दम होता त्याने पकड खाली आली. चावी मोडली नाही, फक्त किंचित वाकली.

मग गाडी गॅरेजला गेली. मिस्त्रीने दोनदा चावी हलवून पाहिली आणि सांगितले की कुलूप ड्रिलने फोडावे लागेल, नाहीतर झाकण पहारीने उचकटावे लागेल. पत्रा वाकेल, रंग जाईल, ते वेगळे. गाडीच्या सीटशेजारी डिक्की उघडायचा जो खटका असतो त्याची केबल अब्बांच्या काळातच तुटली होती आणि चावी आहेच म्हणून त्यांनी ती कधी बदलली नव्हती. एका भंगारवाल्याने 'डिक्की बंद' म्हणून गाडीचे अठरा हजार सांगितले. धाकटा भाऊ म्हणाला, फोडून टाका, वही काढा आणि गाडी देऊन टाका.

त्याचेही बरोबर होते. मालक वारल्यावर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. कळवणे झाले होते, तीन महिने सरत आले होते. पण मला ते फोडणे पटेना. गाडी आता एकट्या कोणाची नव्हती. अम्माचा आठवा हिस्सा, राहिलेल्यात दोन भाऊ आणि मी, म्हणजे दोन, दोन, एक. चाळीस वाटे केले तर अम्माचे पाच, भावांचे चौदा-चौदा, माझे सात. ज्या वस्तूत चौघांचा हक्क आहे तिचा पत्रा एकाने घाईत वाकवायचा आणि मग किंमत घसरली म्हणून चौघांनी सोसायचे, हे मला शिक्षिका म्हणूनही जमत नाही. मी म्हटले, मला चार दिवस द्या. शनिवार-रविवार धरून.

भाऊ हसले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गाडीच्या कुलपाशी माझा काय संबंध! पण ज्याने शाळेत वीस वर्षे काढली आहेत त्याला कुलपे ठाऊक असतात. उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वर्गावर्गातली लोखंडी कपाटे रुसून बसलेली असतात. आमच्या शाळेच्या जुन्या शिपाई चाचांनी मला नव्या नोकरीतच एक गोष्ट शिकवली होती. कुलूप अडले की जोर वाढवायचा नाही, आधी कुठे अडले आहे ते शोधायचे.

डिक्कीच्या बाबतीत हे शोधणे अवघड नसते, कारण अडण्याच्या जागा तीनच. पहिली जागा म्हणजे चावी जिथे जाते ती नळी. दुसरी, नळीच्या मागच्या टोकापासून लॅचपर्यंत जाणारी लोखंडी दांडी. तिसरी, खुद्द लॅच, म्हणजे झाकण धरून ठेवणारा घोड्याच्या नालेसारखा फिरता तुकडा, जो समोरच्या आकड्याला मिठी मारतो. चावी आतच जात नसेल किंवा फिरत नसेल तर दोष नळीत. चावी फिरते पण अगदी सैल, हाताला काहीच लागत नाही, तर दांडी सुटलेली. चावी फिरताना दुसऱ्या टोकाला काहीतरी अडल्याचे हाताला कळते पण झाकण सुटत नाही, तर लॅच गंजलेले किंवा त्याच्यावर भार आलेला. एवढे कळले की निम्मे काम झाले.

आमची चावी आत जात नव्हती. म्हणजे सुरुवात नळीपासून.

गाडीच्या कुलपाच्या आत काय असते हे मी मुलीला एका जुन्या मोडक्या कुलपावर दाखवले, तेच इथे सांगते. नळीमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीमागे बारीक स्प्रिंग. चावी नसते तेव्हा पट्ट्यांची टोके नळीबाहेर डोकावतात आणि भोवतालच्या खाचेत अडकतात, म्हणून नळी फिरत नाही. बरोबर चावी आत गेली की तिच्या उंच-सखल दातांमुळे साऱ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि नळी मोकळी होते. सारे काही त्या पट्ट्यांच्या वर-खाली होण्यावर आहे. त्यात जतच्या बाजारवाटेची वीस वर्षांची धूळ गेली, वर पावसाचे पाणी झिरपले, तर पट्ट्या चिकटून बसणारच.

त्यात अब्बांचा एक घरगुती इलाज. पावसाळा आला की ते चावीला खोबरेल लावून कुलपात घालायचे. आपल्या घरांत केसांपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला खोबरेल चालते. पण खोबरेल थंडीत गोठते आणि गोठताना धूळ धरून ठेवते. वर्षानुवर्षांच्या थरांनी त्या नळीत काळा मेणासारखा गाळ झाला होता.

आणि चावी! भावाकडची चावी अब्बांच्या जुडग्यातली, रोजची. हातात घेऊन उजेडात धरली तर दातांचे कोपरे घासून गोल झालेले. अशा चावीवरून चावीवाल्याकडे नवी करून घेतली तरी उपयोग नसतो, कारण यंत्र झिजलेल्या दातांचीच नक्कल करते. मूळ दुसरी चावी असेल तर तीच शोधावी. अम्माला विचारले. ती उठून आत गेली आणि कपाटातल्या साडीच्या घडीतून एक जुने पाकीट काढून आणले. त्यात इस्टीमची दुसरी चावी, वापरलीच नसल्यासारखी. गाडी घेतली त्या दिवशी अब्बांनी तिला ठेवायला दिलेली. दातांचे कोपरे धारदार.

शुक्रवारी दुपारी, भाऊ जुम्मा पढून येण्याआधी, मी काम सुरू केले. स्पेअर पार्टच्या दुकानात गंज सोडवणाऱ्या तेलाचा स्प्रे मिळतो, त्याला एक बारीक नळी असते. ती कुलपाच्या तोंडात धरून थोडे तेल सोडले. अर्धा तास थांबले. मग अम्माने दिलेली चावी घातली, फिरवली मुळीच नाही, फक्त आत-बाहेर, आत-बाहेर. बाहेर येताना ती काजळ लावल्यासारखी काळी यायची. फडक्याने पुसायची, पुन्हा आत. पुन्हा तेल. चाळीस-पन्नास वेळा तरी झाले असेल. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते कंटाळवाणे असल्यामुळेच लोक पकड आणतात. संध्याकाळी चावी पूर्ण आत जाऊ लागली. तरी फिरवली नाही. रात्रभर तेल मुरू दिले.

(इथे बहिणींसाठी एक सूचना. असे तेल किंवा रॉकेल वापरताना जवळ स्टोव्ह, उदबत्ती काही नको, आणि रंगावर सांडलेले लगेच पुसावे.)

शनिवारी सकाळच्या शाळेवरून आल्यावर चावी घातली आणि दोन बोटांनी हलकेच फिरवली. फिरली. घरातून 'माशाअल्लाह' ऐकू आले. पण झाकण जागचे हलले नाही. पुन्हा फिरवली. फिरते, परत येते, पण पलीकडे काही आहे असे हाताला लागतच नाही. म्हणजे नळी सुटली आणि दुसरा दोष समोर आला.

तरी एक उपाय आधी करून पाहिला, तो सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिक्कीत माल ठासून भरला असेल तर आतून झाकणाला दाब येतो, त्या ताणाने लॅचचा तुकडा आकड्यावर आवळून बसतो आणि सुटत नाही. अशा वेळी एकाने झाकणावर दोन्ही हात ठेवून खाली दाबायचे आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही.

या थांबण्याच्या वेळात मुलीने एक प्रश्न विचारला, त्यावर थोडे विषयांतर करते. ती म्हणाली, "अम्मी, कुलूप मराठी शब्द आहे ना?" आहे, पण आला अरबीतून. 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. उर्दूत आजही तोच शब्द आहे, मराठीने त्यातली अक्षरे उलटीपालटी करून आपलासा केला. चावी आली पोर्तुगीजांकडून, त्यांच्या 'शाव्ह' या शब्दावरून. डिक्की इंग्रजीतून, जुन्या इंग्रजी गाड्यांच्या मागे उघडणारी एक जादा सीट असायची, तिला डिकी म्हणत. म्हणजे आमच्या दारात एक अरबी, एक पोर्तुगीज आणि एक इंग्रज असे तिघे एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. मुलगी हसली आणि मला सोमवारच्या तासासाठी एक धडा मिळाला.

तिला आणखी एक गोष्ट सांगितली. अल-जझरी नावाचे एक मुस्लिम कारागीर आणि अभियंता होऊन गेले. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकर भागात अर्तुक घराण्याच्या दरबारी ते होते. १२०६ साली त्यांनी यंत्रांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला. त्यात पाण्याची घड्याळे आहेत, पाणी उपसायची यंत्रे आहेत आणि पेटीला लावायचे एक कुलूपही आहे, चावीशिवायचे. चार तबकड्या, त्यांवर अक्षरे. ठरलेली अक्षरे जुळली तरच पेटी उघडते. आजच्या प्रवासी बॅगांना आकड्यांचे कुलूप असते, त्याच जातीची कल्पना. आठशे वर्षांपूर्वी ज्यांच्या ग्रंथात कुलपाचे काम इतक्या बारकाईने आले, त्यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते आणि अलिगढच्या कुलपाला मात्र आपण फक्त 'मजबूत आहे का' एवढेच विचारतो.

असो. दांडीकडे जायचे तर आतून जायला हवे. सेडान गाडीत त्याला वाट असते, मागच्या सीटच्या पाठीतून. मोठ्या भावाने आता स्वतःच पाने हातात घेतले. चावी फिरलेली पाहून त्याचा विश्वास बसला होता. आधी सीटची बैठक उचलून काढली, मग पाठीचे बोल्ट सोडले. पाठ निघाली. मागे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याच्या मागे बॉडीच्या आडव्या पट्ट्यांमधून दिसणारे टॉवेलचे गठ्ठे. महिनाभर बंद असलेल्या नव्या कापडाचा कोंदट वास एकदम बाहेर आला. भाऊ बोल्ट हातात घेऊन तसाच उभा राहिला. तो वास अब्बा बाजाराहून आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा. कोणी काही बोलले नाही. मग त्याने पहिला गठ्ठा ओढला.

एकेक गठ्ठा त्या फटीतून काढत गेलो. पत्र्याची पेटी दिसली, पण ती पार पलीकडे, झाकणाच्या बाजूला, आणि तिची कडी मागच्या पत्र्याला लागून. फटीतून ती पेटी बाहेर येण्यासारखी नव्हती आणि आत तिला फिरवायला जागा नव्हती. म्हणजे झाकण उघडणे भागच.

त्या फटीतून आत जाण्याच्या मापाचे घरात एकच माणूस होते, माझी चौदा वर्षांची मुलगी. तिला पाठवताना सीटची वाट पूर्ण मोकळी ठेवली, भाऊ तिच्या पायाशी बसला आणि मी बाहेर झाकणापाशी. हे सांगायचे कारण असे की लहान मुलांना डिक्कीत लपायला फार आवडते आणि बंद डिक्की आतून उघडत नाही. उन्हात उभ्या गाडीत ते थोड्या वेळातच जिवावर बेतते. अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून तयार होणाऱ्या सेडान गाड्यांना डिक्कीच्या आतून उघडायची, अंधारात चमकणारी कडी कायद्यानेच बसवावी लागते. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत तसे काही नाही. दारात जुनी गाडी असेल तर तिची डिक्की बंद आणि चावी वर खुंटीला, हा नियम घरात असू द्यावा.

मुलगी मोबाईलचा उजेड घेऊन आत गेली. मी बाहेरून चावी फिरवली आणि विचारले, काय हलते? "कुलपाच्या मागची पट्टी हलते. तिला काही जोडलेलेच नाही." आणि दांडी? "एक लोखंडी दांडी खाली लोंबते." मी म्हटले, तिच्या टोकाशी बघ, प्लॅस्टिकचे काही आहे का? थोड्या वेळाने आतून एक हात बाहेर आला, त्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपचे दोन तुकडे.

बस, एवढेच होते. दांडी आणि कुलपाची पट्टी यांना जोडणारी नखाएवढी क्लिप. प्लॅस्टिक वीस वर्षांच्या उन्हाने ठिसूळ होते. अब्बा शेवटची डिक्की आपटून बंद करून आले तेव्हा ती तुटली असेल, किंवा नंतर कधी. लॅच त्यामुळे शाबूत होते, फक्त त्याला निरोप पोचत नव्हता.

मुलीला लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. लॅचच्या बाजूला जिथे दांडी जोडलेली आहे तो खटका टोकाने ढकल म्हटले. एकदा ढकलला, काही नाही. मी झाकणावर अंगाचा भार देऊन दाबले आणि म्हटले, आता. 'खट्' असा आवाज झाला आणि हात काढताच झाकण आपोआप दोन बोटे वर आले. आतून मुलीचा चेहरा, नाकावर ग्रीस.

कुलपाचे पुढचे काम मी त्याच दिवशी संपवले, कारण उघडलेले कुलूप पाहून सगळे खूश होतात आणि दुरुस्ती राहून जाते. नवी क्लिप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली, चहाच्या किमतीत. बरेच जण तिथे तार गुंडाळतात. तार ताणते आणि पुन्हा तोच प्रसंग येतो. लॅच रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने धुतले, कोरडे केले, मग त्याला ग्रीस. लॅचला ग्रीस चालते. नळीला ग्रीसही नको आणि खोबरेल तर नकोच. ती स्प्रेने धुऊन पूर्ण वाळू दिली आणि मग शाळेतला इलाज केला: चित्रकलेच्या ६बी पेन्सिलीचे शिसे कानशीने घासून त्याची भुकटी चावीवर घेतली आणि आत फिरवली. पेन्सिलीचे शिसे म्हणजे शिसे नव्हे, ग्राफाइट. ते कोरडे वंगण आहे, धूळ धरत नाही. मात्र तेल ओले असताना ही भुकटी घातली तर चिखल होतो, म्हणून आधी वाळवणे महत्त्वाचे. आता ती डिक्की दोन बोटांनी उघडते. मोठ्या भावाने आल्यागेल्याला उघडून दाखवली.

पेटी अम्मासमोर नेऊन ठेवली. अलिगढी कुलपाची चावी अब्बांच्या जुडग्यातच होती. अम्माने स्वतः उघडली. लाल वही वरच होती.

वही उघडल्यावर भावांना अर्धीच वाचता आली. लोकांकडून यायचे ते अब्बांनी मराठीत लिहिले होते: गाव, नाव, माल, रक्कम. आणि आपण ज्यांचे देणे लागतो ते शेवटच्या पानापासून उलटे, उर्दूत. दोघे भाऊ मराठी शाळेत शिकलेले, उर्दू लिपी त्यांना जेमतेम. अब्बांनी असे का केले असेल यावर आम्ही बोललो. अम्माचे म्हणणे, बाजारात शेजारचा दुकानदार वहीत डोकावतो, आपले देणे त्याने कशाला वाचावे. मला वाटते यालाच व्यापाऱ्याची अब्रू म्हणतात. त्या रात्री इशानंतर मी वाचत गेले आणि धाकटा लिहून घेत गेला.

सोलापूरच्या टॉवेलवाल्याचे अठरा हजार चारशे. फ्रॉक शिवून देणाऱ्या विधवा बाईचे दोन हजार दीडशे. हे वाचताना मला सर्वांत वाईट वाटले, कारण ती बाई अब्बांच्या मयतीला येऊन अम्माजवळ तासभर बसून गेली होती आणि पैशाचा शब्दही तिने काढला नव्हता. डिक्की भंगारात गेली असती, किंवा फोडताना पेटी पाण्यात, तेलात भिजली असती, तर तिच्या हक्काचे ते पैसे आम्ही वाटून घेतले असते आणि आम्हाला कळलेही नसते. दुसऱ्याच दिवशी भाऊ तिच्या घरी जाऊन देऊन आला. टॉवेलवाल्याने फोनवर सांगितले की मरहूमच्या मुलांकडून व्याज-बिज काही नको, मुद्दल सावकाश द्या. त्याला बँकेतल्या पैशांतून एकरकमी दिले.

यायच्या पैशांवर मात्र घरात वाद झाला. साठेक नावे, तेवीस हजारांच्या आसपास. शंभर, दोनशे, साडेतीनशे अशा रकमा, बहुतेक दुष्काळी गावांतल्या बायका. अम्मा म्हणाली, सोडून द्या, सवाब त्यांना पोचेल. धाकट्याचे म्हणणे, धंदा मी पुढे चालवणार, उधारी सोडली तर उद्या कोण देईल? इमाम साहेबांना विचारले. ते म्हणाले, हे येणेही तरक्यातलेच आहे. ज्याला माफ करायचे त्याने आपल्या हिश्श्याचे माफ करावे, दुसऱ्याच्या हिश्श्यावर दानशूर होता येत नाही. अम्मा थोडी नाराज झाली, पण मला ते उत्तर आवडले. शेवटी दोनशेच्या आतली सगळी नावे चौघांनी राजीखुशीने खोडली आणि बाकीची धाकट्याकडे राहिली, तगादा न लावता मागायच्या अटीवर.

गाडी मोठ्या भावाने ठेवली. बाजारभाव चाळीस हजार धरला, मिस्त्रीच्याच तोंडून. आपले चौदा हजार वळते करून त्याने अम्माला पाच, धाकट्याला चौदा आणि मला सात हजार दिले. मुदतीच्या आत अर्जही गेला.

वहीच्या उर्दू पानांवरची सगळी देणी आता खोडून झाली आहेत, एक सोडून. तिथे नाव नाही. फक्त एवढेच लिहिले आहे: जत, लिंबाखालची मिरचीवाली म्हातारी, दोनशे चाळीस. अब्बा घरासाठी तिच्याकडून वर्षाची मिरची घ्यायचे. धाकटा दोन बाजार जाऊन आला. लिंब आहे, त्याच्याखाली आता एक पोरगा चपला विकतो, आणि म्हातारीचे गाव कोणाला नेमके सांगता येत नाही. एक म्हणतो ती उमदीकडची, दुसरा म्हणतो नाही. दोनशे चाळीस रुपये पाकिटात घालून त्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत, पेटी डिक्कीत. पुढच्या बाजाराला मी एक दिवसाची रजा टाकली आहे. मिरची विकणाऱ्या बायकांना धाकट्यापेक्षा मी बरे विचारू शकेन.